अॅप्रनची गाठ

डॉ. ब्राह्मी संतापाने आतून नुसती धुमसत होती. मिरजेच्या एका रुग्णालयात उद्या नाथाजींच्या हर्नियाची शस्त्रक्रिया ती करणार होती. स्वतःच्या हाताने, पहिलीच. आणि आज विभागप्रमुख डॉ. अजितकुमार नाथाजींच्याच पलंगाच्या कडेवर ऐसपैस बसून सांगत होते, "उद्या शस्त्रक्रिया तुझ्या बरोबरीचा हा डॉ. अतिशय करेल. लेखी परीक्षेत पहिला आलाय. ब्राह्मी, तुझे मार्क बघ जरा. तू लांबून बघ."

जळले मेले मार्क, असे ती मनात म्हणाली. उघड बोलले ते हात. शिकाऊ सर्जनच्या खिशात रेशमी दोरा असतोच. खुर्ची, खिडकी, गुंडी, जे सापडेल त्यावर तो गाठी मारत बसतो. सरांच्या पाठीमागे उभी राहून ब्राह्मी पलंगाच्या दांडीवर कचाकच गाठी आवळत होती. त्या भरात एका गाठीत सरांच्या अॅप्रनचा पट्टाही गेला, हे तिला कळलेच नाही.

सर उठून निघाले. चाकांचा पलंग त्यांच्यामागे निघाला.

"आवं, आवं! आप्रेशन उद्या हाय न्हवं?" नाथाजी ओरडले. "मला आत्ताच कुठं न्हेताय?"

पलंग कपाटावर आदळला. कपाटावरचा चहा सरांच्या पायावर.

"अतिशय! सोड हे आधी!"

अतिशय लगबगीने वाकला. "सर, ही चौकोनी गाठ आहे. हिच्यात दोन फेरे परस्परविरुद्ध दिशेने..."

"व्याख्या कुणी विचारली? सोड!"

त्याने जोर लावला. गाठ आणखी आवळली. मग त्याने ब्लेड काढले आणि पहिल्याच फटक्यात स्वतःचा अंगठा कापून घेतला.

रक्त बघून नाथाजींनी दोन्ही हातांनी पोट झाकले. "ह्योच व्हय उद्या माझं प्वाट फाडनार?"

"कुणी बांधली ही?" सर गरजले.

"मी," ब्राह्मी म्हणाली. "चुकून. पण सोडणारही मीच." तिने दोऱ्याचे एक टोक उलट खेचले, गाठ अलगद सरकवली आणि पट्टा मोकळा केला. "आणि सर, त्याच्या अंगठ्याला टाके घालू, का आधी टाक्यांचाही पेपर घेताय?"

सरांनी तोंड उघडले, पण नाथाजी आधी बोलले. "मला ही बाई पायजे. न्हाईतर मी चाललो माझ्या गावाला, उंब्रजला."

"अहो, तिला मार्क कमी आहेत."

"मग? मार्कं काय पोटाला बांधून फिरू?"

सरांनी अतिशयच्या अंगठ्याकडे पाहिले. "बरं. उद्या ब्राह्मी करेल. मी शेजारी उभा राहीन. पण ही मागणी तुमची आहे, नाथाजी. मला लेखी द्या."

"देतो की," नाथाजी म्हणाले. "पन तपासून मार्कं द्यायची न्हाईत."