घाटमाथ्याच्या ठाण्यास दोन डोंगरगाड्या गेल्या, त्याची हकीकत

॥ श्री ॥ गजाननास वंदन, शारदेस वंदन, आणि ज्या चाकांवर राज्य चालते त्या चाकांसही वंदन करून, घडले तैसे लिहिले आहे. शके एकोणीसशे चाळीस, विलंबी नाम संवत्सरे, भाद्रपद मासी एका डोंगरी राज्यात हे वर्तमान जाहले.

त्या राज्याच्या गाडीखान्याचे दरोगे निळोजी धायगुडे होते. वय उतरले होते, गुडघे दुखत, आणि गुडघ्यांहून कान अधिक दुखत, कारण गाडीखान्यात दोन तट पडले होते. डोंगरगाडीच्या पोटी एक पेटी असते, ती इंजिनाचा जोर पुढील आणि मागील चाकांस वाटून देते. एका तटाचे मुख्य कारागीर रखमाजी पोळ म्हणत, पेटीत साखळी असावी, हलकी असते आणि श्रीमंतांची झोप मोडत नाही. दुसऱ्या तटाचे हैबतराव निंबोरे म्हणत, गिअरची दातेरी चाकेच असावीत, रडतात खरी, परंतु साखळीसारखी ताणली जात नाहीत. मग सदरेत वाद, पंक्तीत वाद, आणि हैबतरावांची कन्या रखमाजींचे घरी द्यावयाची ठरली होती ती सोयरीकही याच पायी मोडली. उभयतांस समजावता समजावता निळोजींचे केस पांढरे जाहले.

मग घाटमाथ्याच्या ठाण्यावरून बिनतारी खबर आली की, दरड कोसळून वाट खचली, विहिरीत गाळ शिरला, लोकांस हगवण लागली, औषध आणि पाणी सत्वर धाडावे. श्रीमंतांनी आज्ञा केली, "दोन्ही तटांच्या गाड्या जाऊ देत. कोणती सरस ते एकदाचे कळो." निळोजींनी मुजरा केला आणि मनात म्हणाले, वर माणसे मरताहेत आणि येथे शर्यत सुचते.

निळोजी रखमाजींच्या गाडीत बसले, हैबतराव आपली गाडी घेऊन मागोमाग निघाले. चढण लागली आणि गाडीच्या पोटात खडखड होऊ लागली. निळोजींनी विचारिले, "रखमाजी, साखळी सैल वाटते. बदलली नाहीत?"

रखमाजी खाली पाहून बोलले, "बदलली असती तर निंबोऱ्यांनी सदरेत डंका पिटला असता, साखळी ताणली म्हणून."

पुढे ओढ्याच्या धोंड्यांत साखळी तुटली आणि पुढील चाके निर्जीव जाहली, मागील तेवढी फिरत राहिली. हैबतराव हसत पुढे गेले, आणि वळणापलीकडे त्यांचीही गाडी किंचाळून थांबली. पेटीतून तेल गळत होते, पोळ हसतील म्हणून तेही कोणास बोलले नव्हते. कोरडे दाते तुटले, तुकडे आत अडकले आणि चाक हलेना. निळोजी पायी तेथवर आले आणि म्हणाले, "तुमची गाडी येथेच राहो. औषध, पाणी पोळांच्या गाडीत घाला. तिची मागील चाके फिरतात, बाकीचा जोर आपला."

"साखळीच्या गाडीस मी खांदा लावू?"

"नाही तर बसा, हैबतराव. मजला भांडावयाची ताकद उरली नाही."

हैबतराव धोंड्यावर बसले. मग निळोजी हाकीत होते ती पोळांची गाडी चढणीवर घसरू लागली, आणि रखमाजी एकटेच मागून रेटताना दिसले, आणि मग हैबतराव उठले आणि खांदा लावते जाहले. दोर बांधले, चाकांखाली दगड सारले, हात सोलवटले, आणि दिवस कलता ठाणे गाठले.

ठाण्याची वैदीण भागाऊ सामोरी आली. गाडी कशाने चालली हे तिने विचारिले नाही. म्हणाली, "दुपारी येता तर हवालदाराची पोर वाचती. आता बघता काय, उतरवा." औषधाने बाकीची माणसे सावरली. पोरीस मूठमाती देते समयी रखमाजी आणि हैबतराव शेजारी उभे होते.

परतल्यावर श्रीमंतांनी पुसिले, "सरस कोण?"

निळोजी बोलले, "महाराज, दोन्ही मोडल्या. मोडतील हे ज्याचे त्यास ठाऊक होते." आणि गाडीखान्याच्या किल्ल्या गादीसमोर ठेवून घरी गेले. कोणी अडविले नाही.

पुढे साखळी की गिअर हे त्या राज्यात ठरले नाही. परंतु गाडी बाहेर पडण्यापूर्वी हैबतराव रखमाजींची साखळी पाहत आणि रखमाजी हैबतरावांचे तेल पाहत, आणि मग आपल्या कामास जात. येणेप्रमाणे जाहले. ठाणे राहिले, एक पोर गेली.