डबीवरचं पान

मुलीचं लग्न महिन्यावर आलं, तरी क्लॉडियाच्या गालांवरचे वांग हलायला तयार नव्हते. हळद झाली, पपई झाली, साय झाली. तारकर्लीतल्या तिच्या घराच्या दोन खोल्या पर्यटकांसाठी होत्या. त्यातली एक सोडून सलोनी नावाची पुण्याची पाहुणी गेली आणि न्हाणीघरात तिची क्रीमची डबी राहिली.

क्लॉडियाने फोन लावला. लागला नाही. मग तिने डबीचा वास घेतला. मग बोटभर लावलं. मग रोजच लावू लागली.

थोड्याच दिवसांत शेजारच्या सुगंधाने कुंपणावरून विचारलं, "गो, तोंडाक काय लावतंस? लगीन चेडवाचा काय तुझा?"

"काय नाय गो. देवाची कृपा."

ही कृपा रोझारियोने, म्हणजे क्लॉडियाच्या नवऱ्याने, दाढीचं क्रीम समजून उचलली आणि चष्मा लावून डबीवरचं हिरवं पान पाहिलं.

"क्लॉडिया! ह्या गांजाचा पान!"

"मेथीचा असात."

"मेथीक तीन पानां असतत. हंय सात आसत!" त्याने बारीक अक्षरं वाचली. "कॅना... बि... डि... ऑल. गो, तुका गरगरता काय?"

"आता इचारलंस तेवां गरगराक लागला." आणि भीतीने तिला हसू फुटलं.

"हसतंस? चढली तुका!"

रोझारियोने तिला लिंबू पाजलं आणि ओटीवरच्या फरशीच्या रेघेवरून सरळ चालायला लावलं. ती चालत असतानाच सुगंधा ओरडली, "आयकलात काय? पर्यटन महोत्सवासाठी पोलिस इलेत. कुत्रो घेवन सगळ्या खोल्यो तपासतत!"

"डबी बावीत टाकतंय," रोझारियो म्हणाला.

"आणि लग्नाच्या पावण्यांका पाणी खंयचा पाजतलंस?"

शेवटी क्रीम संडासात गेलं. तोंड मात्र कुठे टाकणार? क्लॉडियाने ते साबणाने घासघासून धुतलं, तरी रोझारियोला वास येतच होता. तो धावत जाऊन बरणीतला खारा बांगडा घेऊन आला.

"ह्याच्या वासाफुडे कुत्रो काय, हत्ती हरतलो. चोळ!"

तिने चोळला. तेवढ्यात रश्मी नावाची पोलीसबाई शेरा नावाचा कुत्रा घेऊन आत आली. शेराने खोल्या हुंगल्या, पलंग हुंगले आणि सरळ येऊन क्लॉडियासमोर बसला. हलेना.

क्लॉडियाने दोन्ही हात वर केले. "बाई, माका पकडा. पण आधी चेडवाचा लगीन होवंदे!"

"अहो, पकडू कशाला? शेरा, ऊठ! माफ करा मावशी, सकाळपासून उपाशी आहे तो."

शेराने उठून क्लॉडियाचे दोन्ही गाल मनापासून चाटले. त्याला मागे ओढताना रश्मी थबकली. "मावशी, कांती काय तुकतुकीत आहे हो तुमची! लावता काय?"

क्लॉडियाचं तोंड उघडण्याआधीच रोझारियो ओरडला, "बांगडो!"

फाटकात उभ्या असलेल्या सुगंधाने हे ऐकलं.

संध्याकाळी सलोनीचा फोन आला. "मावशी, ते क्रीम डॉक्टरांनीच लिहून दिलंय, खाजेसाठी. भांगेच्या झाडाचंच आहे, पण त्याने नशा नाही होत. राहू द्या, तुम्हीच वापरा."

क्लॉडियाने फोन ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं. रोझारियो मांडवाचे बांबू मोजायला निघून गेला.

लग्नाच्या दिवशी चर्च भरलं. बायकांच्या रांगाच्या रांगा तुकतुकीत चेहऱ्यांनी बसल्या होत्या. फादरनी मिस्सा मधेच थांबवून नाकाला रुमाल लावला आणि खिडक्या उघडायला सांगितल्या. तिसऱ्या बाकावर साध्या साडीतली रश्मीही होती. तिचेही गाल चकाकत होते.

क्लॉडिया साधी पावडर लावून पुढे बसली होती. सुगंधा तिच्याजवळ सरकली, तिचा गाल हुंगला आणि चिडून पुटपुटली, "माका वाटलाच होता! आमच्या तोंडाक बांगडो चोळूक लावलंस आणि आपण गुपचूप क्रीम लावतंस!"