हिरव्या-काळ्या बुरशीच्या अग्रमानाची हकीकत

श्री. जे कुजविते तेच पोषिते, त्या थोर शक्तीस वंदन करोन लिहितो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध पंचमीस कोणे एके दौलतीत भाताच्या पेंढ्याचे डोंगर उभे राहिले. दरसाल पेंढ्यास आग लावावी आणि धुराने मुलूख खोकावा, ऐशी चाल होती. मग राणीसाहेबांनी मसलत करोन विकरांचा कारखाना घातला. विकर म्हणजे बुरशीचे अंगी उपजणारे सत्त्व. तेणेंकरून पेंढ्याची साखर होते आणि गुरांचे मुखी पडते. कारखानीस सटवोजी भालेकर नेमिले आणि हुकूम जाहला की, "तीन घाणे काढावे, तिसराही फसला तर पेंढा जाळावा." सटवोजींचे काळीज चरकले, कारण त्यांचे कुटुंब गजराबाई दम्याने बेजार, मागील साली धुराचे दिवसांत जीव जाता वाचला, आणि यंदा वैद्याने हात टेकिले होते.

ऐशास बुरशा दोन. हिरवी पेंढ्याचे धागे तोडी आणि काळी त्या तुकड्यांची साखर करी. एकटीने काम पुरे होईना, म्हणोन दोघींस एके परातीत नांदविणे प्राप्त. काळीचे बीज राखणारे चिमाजी दरेकर, हे थोरले घराणे; हिरवीचे राघो साबळे, हे धाकटे; आणि शिरस्ता ऐसा की, अग्रमान थोरल्याचा. मग पेंढा कुटिला आणि कोंडा मिळवून वाफविला आणि निवविला, आणि चिमाजींनी आधी काळी पेरिली. काळी भारी खादाड. तिने परात व्यापिली, हिरवीस पाय ठेवावयास जागा उरली नाही. निघाले त्या विकरात पेंढा भिजवून पाणी चाखिले, तो फिके. मग दुसरे घाण्यास तडजोड म्हणोन दोघांनी एकदम हात घातला, आणि तरीही काळीच माजली. बुरशीस मानपान कळत नाही, हे दरबारी माणसांस कळावयास दोन घाणे लागले.

सटवोजी बोलिले, "आता हिरवी आधी पेरू. तिने मूळ धरिले की काळी."

चिमाजी म्हणाले, "धाकट्याच्या उष्ट्यावर आमचे बीज पडणार नाही. वडील काय म्हणतील?"

"वडील स्वर्गी आहेत, चिमाजी."

"म्हणोनच तर वरून पाहतात."

मग सटवोजी म्हणाले, "दरबारातील माझी बैठक तुम्ही घ्या. मी दाराशी बसेन."

"कायमची?"

"कायमची."

मग हिरवी आधी पेरिली आणि तिने परातभर जाळे विणिले, आणि मग काळी उतरली, आणि दोघी सुखे नांदल्या. राणीसाहेबांनी पाणी बोटाने चाखिले आणि "गोड आहे, जाळणे मना" ऐसे बोलिल्या.

संक्रांतीचे दरबारी चिमाजी गादीवर बसले आणि सटवोजी जोड्यांशेजारी. आजोबांपासूनची बैठक, खरे सांगावे तर जीव तुटला. घरी आले तो गजराबाई अंगणात तीळ निवडीत होत्या.

"आज कुठं बसवलं तुम्हाला?"

"दाराशी."

"वाईट नाही वाटलं?"

"वाटलं. पण तिथं वारा चांगला येत होता."

गजराबाईंनी सूप खाली ठेविले आणि छातीभर श्वास घेतला.

सारांश, विकर साधले, पेंढा वाचला, एक बैठक गेली. हकीकतीचा करीणा इतकाच.