वन्संची दहा बोटं

गोळीबार ऐन रंगात आला की आमच्या वन्सं विचारतात, "जेवलात का रे समदे?" मग डावीकडून आलेल्या एखाद्याला उडवतात आणि उत्तराची वाट बघतात.

घाबरू नका, गोळीबार कॉम्प्युटरमधला आहे. वन्सं म्हणजे माझी धाकटी नणंद, सुमन. लग्न केलं नाही. इथल्याच, उमरग्यातल्या एका कचेरीत टायपिस्ट होत्या, आता निवृत्त होऊन आमच्याकडेच असतात. डोक्याला हेडफोन, अंबाडा विस्कटू नये म्हणून त्याच्याखाली रुमाल. चार जणांची टोळी करून इंटरनेटवर लढायचं, असा तो खेळ. टोळीतले बाकीचे तिघं कुठकुठचे. एकालाही वन्संनी समोर बघितलेलं नाही.

आमच्या घरात शेतीवरून कधी वाद झाला नाही, तो या खेळावरून झाला. असला खेळ कॉम्प्युटरवर खेळावा की कन्सोलवर? कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडायचा डबा. हातात रिमोटसारखी एक मूठ धरायची आणि अंगठ्यांनी बटणं दाबायची. माझा मुलगा महेश डब्याच्या बाजूचा.

"आत्या, सोफ्यावर टेका, चालू करा, खेळा. कॉम्प्युटरला रोज नवं दुखणं. आन् लबाड्या करणारेबी तिथंच लई. डब्यावर समदे सारखे."

"व्हय, सारखेच मुके," वन्सं म्हणायच्या. "देवानं दहा बोटं दिलीत. दोन अंगठ्यांवर भागवायचं तर बाकीची आठ काय वरणात घालू?"

डब्यावर खेळणाऱ्यांना त्या अंगठेबहाद्दर म्हणायच्या. महेशनं हौसेनं आणलेल्या डब्यावर त्यांनी विणलेला रुमाल टाकला होता आणि वर फुलदाणी ठेवली होती.

मी कुणाच्याच बाजूची नव्हते. मला यंत्रातलं कळतं किती, ते वन्संना चांगलं ठाऊक. मी अणदूरची. लग्न होऊन इथं आले तेव्हा मला वाटायचं, जगातली सगळी अक्कल माझ्या रुखवतात आलीय. आणि सासऱ्यांचा फोन आला की ही शहाणी डोक्यावर पदर घेऊन उभी राहायची, बोलणं संपलं की रिसिव्हर जागेवर ठेवून त्याच्या पाया पडायची! कॉलेजात जाणाऱ्या वन्संनी ते दाराआडून बघितलं होतं. त्यांनी ते आजवर कुणाला सांगितलं नाही.

आता माझं ऐका.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या नातीला, महेशच्या प्राचीला, बघायला पाहुणे आले. पोहे झाले, चहा आला. मुलगा मान खाली घालून बशीकडं बघत होता. त्याच्या आईनं मला विचारलं, "घरात अजून कोण कोण असतं?" मी तोंड उघडणार, तोच मधल्या खोलीतून आवाज आला, "आरं मुडद्या, मागं बघ की! मेलास न्हाय का शेवटी!"

मुलाच्या आईचा चमचा हवेतच राहिला. मुलानं मात्र पहिल्यांदा मान वर केली आणि विचारलं, "आजी, आत आहेत त्या कॉम्प्युटरवर खेळतात का कन्सोलवर?"

बिचाऱ्यानं सरळ प्रश्न विचारला होता. मी सरळ उत्तर दिलं असतं तर काय बिघडत होतं? पण मी आवाज खाली करून म्हणाले, "नणंद हाय माझी. लग्न न्हाय झालं न्हवं, डोक्यानं जरा कमी हाय. आमीच सांभाळतो."

बोलून मान वळवली तर दारात वन्सं उभ्या. पाहुण्यांना भेटायचं म्हणून डाव सोडून, हेडफोन गळ्यात घालून आलेल्या. त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला, चहाचे कप गोळा केले आणि आत गेल्या.

पाहुणे गेल्यावर त्यांनी स्वतःच कॉम्प्युटरच्या वायरी काढल्या आणि तो चादरीत बांधला.

"वन्सं, हे कशाला?"

"राहू द्या, वैनी. पोरीचं जमेपर्यंत मी डब्यावर भागवते. बैठकीत समद्यांसमोर बसलं की तोंड सुटायचं न्हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या बैठकीत सोफ्यावर बसल्या. खेळ तोच, टोळी तीच. मी शेजारी शेंगा फोडत बसले. फोडत कसली, चोरून बघत होते. टीव्हीवर अक्षरांची चौकट यायची. वन्सं अंगठ्यानं एकेका अक्षरावर जायच्या, थांबायच्या, परत पुढं. 'मागं' एवढं लिहून होईतो त्यांच्यातला एक जण मरून पडायचा. दर डावाला तोच. कॉम्प्युटरचा कळफलकही त्यांनी डब्याला जोडून बघितला, त्या खेळात तो चालेना.

मला राहवेना. "लिहिताय कशाला? तोंडानं सांगा की त्याला."

"संतोषला ऐकू येत न्हाय, वैनी. जन्मापासून."

संतोष लातूरकडं एका छापखान्यात कामाला. बाकीचे दोघं बोलतात ते सगळं वन्सं त्याला लिहून कळवायच्या. शत्रू कुठं आहे, कोण कुणाला शिव्या देतंय, कुणाला शिंक आली, कोण कशाला हसलं. कचेरीत साहेब बोलायचे तसं तिकडं बोलणं चालू आणि इकडं यांची बोटं चालू. बाकीचे त्याला टोळीत घ्यायला तयार नव्हते. "त्याचे कान मी," म्हणून वन्संनी त्याला घ्यायला लावलं होतं.

"आन् आता?" मी विचारलं.

"आता काय. दोन अंगठ्यांत किती मावणार? शत्रू तेवढा सांगते, हसणं राहून जातं."

शेंगांची परडी मी खाली ठेवली. महेश घरी आल्याबरोबर त्याला चादर सोडायला लावली. "आई, पुढचे पाहुणे रविवारी यायलेत," तो म्हणाला. म्हटलं, "येऊ दे. त्यास्नीबी बघू दे."

कॉम्प्युटर लागला. वन्संनी हेडफोन घातला, दहाही बोटं कळफलकावर ठेवली. मी त्यांच्या मागं उभी. पाया पडावं असं वाटलं, पण त्या धाकट्या, आणि माझे गुडघे वाकत नाहीत.

"वन्सं, माझं चुकलं," मी म्हणाले.

वन्संची बोटं सवयीनं हलली. पडद्यावर ओळ आली: वैनी म्हणतात, माझं चुकलं.

क्षणभरानं खाली संतोषची ओळ आली: काय झालं? आमच्या घरी भांडण झालं की मला कुणी सांगत नाही. सगळं लिहा ना.

वन्संनी मागं वळून माझ्याकडं बघितलं. "सांगता का, वैनी?"

मी खुर्ची ओढली, त्यांच्या शेजारी बसले आणि पोह्यांपासून सांगायला लागले. त्या दिवशी वन्संबद्दल जे बोलले होते ते शब्द आले तेव्हा मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसले. वन्संची बोटं कळफलकावर थांबून राहिली. मग मी ते बोलले, आणि त्यांनी ते जसंच्या तसं लिहिलं.