आधी जाऊन या

दुबईच्या विमानतळावर उतरणाऱ्या माणसाचं स्वागत करण्याच्या अनेक पद्धती आहेत. हॉटेलवाले नावाची पाटी धरतात, नातेवाईक रडतात, कंपन्या ड्रायव्हर पाठवतात आणि ड्रायव्हर पार्किंगमध्ये झोपतो. इस्माईलभाई मुकादम यांची पद्धत वेगळी होती. ते उजवा हात सरळ वर करून उभे राहत. तुम्ही ट्रॉली ढकलत त्यांच्यापर्यंत पोचेस्तोवर तो हात खाली येत नसे. पोचलात की सलाम नाही, नमस्कार नाही, प्रवास कसा झाला नाही. पहिला प्रश्न, "आधी जाऊन येतोस?"

मी आलो तेव्हा मलाही हाच प्रश्न झाला. मी म्हटलं, "कुठे?"

"संडासाला. डाव्या अंगाला, त्या खांबाच्या मागं. बॅगा मी बघतो. लाजू नको देवधर, शहर मोठं आहे."

मी इंजिनिअर होतो. टाय लावून आलो होतो. परक्या देशात पहिलं पाऊल टाकताना मनात काहीतरी भव्य यावं अशी माझी तयारी होती. ती बाजूला ठेवून मी खांबाच्या मागे गेलो. बरं वाटलं. भव्य काही नंतरही आलं नाही.

इस्माईलभाई आमच्या कंपनीचे पीआरओ. आपल्याकडे पीआरओ म्हणजे सुटातला, पत्रकारांना चहा पाजणारा माणूस. इथे पीआरओ म्हणजे इतरांचे व्हिसा, परवाने आणि आरोग्य तपासणीचे कागद घेऊन सरकारी खिडक्यांपुढे उभा राहणारा माणूस. आता बहुतेक खिडक्या मोबाइलमध्ये गेल्या आहेत, पण इस्माईलभाई प्रत्यक्ष जातात. मोबाइलला लाडानं 'हबीबी' म्हणता येत नाही, हे त्यांचं कारण. मूळ गाव बाणकोटच्या खाडीकाठी. घरची माणसं तिकडे. इकडे ते दुबईतल्या सिलिकॉन ओएसिस या वस्तीत, माझ्याच इमारतीत, दोन मजले खाली एकटे राहतात.

अमिरातीचा नकाशा त्यांच्या डोक्यात होता, पण तो संडासांचा. अल ऐनच्या रस्त्यावर कुठल्या पेट्रोल पंपावर थांबावं, तर ज्याची पाण्याची टाकी सावलीत आहे तिथे. कारण जुलैत बाकीच्या नळांना जे पाणी येतं त्यानं चहा होतो, इतर काही होत नाही. खलिफा सिटीतल्या एका क्लिनिकबद्दल ते आदरानं बोलत. तिथले डॉक्टर कसे आहेत ते त्यांना ठाऊक नव्हतं. मॉलची त्यांची व्याख्या अशी, "मधे संडास बांधतात. लोकांनी फुकट वापरू नये म्हणून भोवती दुकानं काढतात."

आमच्या मालकांनी एकदा सगळ्या स्टाफला एका नव्या टॉवरच्या उद्घाटनाला नेलं. एसीच्या डक्टचं काम आमचं होतं. आत संगमरवर, छतापासून पडणारा धबधबा, आणि 'माणसाच्या स्वप्नांना उंची' या विषयावर मालकांचं भाषण. इस्माईलभाई अर्ध्या भाषणात नाहीसे झाले आणि बऱ्याच वेळानं धापा टाकत आले. म्हणाले, "धबधबा खाली, संडास वर दुसऱ्या मजल्यावर. ह्या आर्किटेक्टला पोट नाही काय?"

आम्ही हसलो. त्यांचं मीटिंगमधून मधेच उठणं, पार्टीत नुसता भात आणि दही खाणं, गाडीत नेहमी दाराशीच बसणं, हे सगळं आम्ही स्वभावात जमा केलं होतं. माणूस विक्षिप्त आहे असं एकदा ठरवलं की पुढचा विचार वाचतो.

त्यांचं दुसरं तत्त्व खिडक्यांचं. "ज्या खिडकीवर उभा आहेस, तेवढंच बोल," ते नव्या लोकांना शिकवत. "त्यानं पासपोर्ट मागितला, पासपोर्ट दे. बायकोची तब्येत सांगू नको, जुनी कंपनी सांगू नको. ह्या खिडकीला त्या खिडकीचं कळलं की फाइल अडकलीच. विचारलं तेवढं, खलास." या तत्त्वावर त्यांनी शेकडो माणसं देशात आणली. तत्त्वात खोट काढावी असं मलाही वाटलं नाही.

गेल्या वर्षी त्यांचा उजवा डोळा लाल झाला. डावा लहानपणापासूनच अधू होता.

धूळ गेली असेल, असं ते म्हणाले आणि आम्हीही म्हणालो. इथे सगळ्याला धूळ हे उत्तर चालतं. आठवड्यानंतर ते ऑफिसात काळा गॉगल लावून बसू लागले. घरी जेवायला आले तेव्हाही गॉगल. माझ्या मुलीनं, इरानं, विचारलं, "अंकल, व्हाय आर यू वेअरिंग शेड्स इनसाइड?" ते म्हणाले, "बेटा, हीरो होतोय. लेट झालोय थोडा." पण ट्यूबलाइटकडे पाठ करून बसले, आणि माशाचा काटा त्यांना दिसला नाही. खाडीकाठच्या माणसाला काटा दिसला नाही, ही गोष्ट माझ्या बायकोनं टिपली. मी नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे ते जाऊन आले होते. तिथे त्यांनी काय सांगितलं असेल? डोळा लाल आहे, धूळ गेली. विचारलं तेवढं. अॅलर्जीचे थेंब मिळाले. ते थेंब इमानदारीनं घालत होते.

मग आमच्या विभागात मुंबईहून एक नवा ड्राफ्ट्समन येणार होता, म्हणून मीही त्यांच्याबरोबर विमानतळावर गेलो. इस्माईलभाईंची खरी कला तिथे दिसे. पासपोर्टवरचा फोटो कोणाशीच मिळत नाही, स्वतःशी तर नाहीच. पण ते फोटो एकदा बघून गर्दीतून नेमका माणूस उचलत. त्या दिवशीही हात वर झाला. हात बघून एक धिप्पाड, सुटातले गृहस्थ गोंधळून आमच्याकडे वळले. इस्माईलभाई पुढे झाले, त्यांची ट्रॉली धरली आणि प्रेमानं म्हणाले, "आधी जाऊन येतोस?"

गृहस्थ इजिप्तचे निघाले. मराठी येत नसल्यामुळे प्रसंग निभावला. आमचा ड्राफ्ट्समन, किडकिडीत, चष्मेवाला, मागेच उभा होता.

परत येताना मी गाडी चालवली. ड्राफ्ट्समन मागच्या सीटवर झोपून गेला. तेव्हा इस्माईलभाई म्हणाले, "सुटामुळे फसलो."

"ड्राफ्ट्समन सुटात येत नाहीत, इस्माईलभाई. काय दिसतं तुम्हाला?"

"धुरातून बघितल्यासारखं. आणि उजेड टोचतो. सुई घातल्यासारखा." मग घाईनं म्हणाले, "ऑफिसात बोलू नको. न दिसणारा पीआरओ कोण ठेवतो? आणि घरी पाठवलं तर तिकडं मी कोण? दारात बसलेला म्हातारा. इथं निदान लोकांना माझा हात दिसतो."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना जवळजवळ ओढून दुसऱ्या डॉक्टरकडे नेलं. मल्याळी बाई होत्या, हिंदी चोख. यंत्राला हनुवटी टेकवून त्यांनी बराच वेळ डोळा पाहिला आणि विचारलं, "कमर दुखती है? जोड़ों में सूजन?"

"नहीं मॅडम."

"पेट की कोई बीमारी?"

इस्माईलभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. "मॅडम, ये आँख का काउंटर है ना?"

"है. पेट का भी पूछ रही हूँ."

"पेट एकदम मस्त. इन्शाल्ला."

बाई लिहायला लागल्या. मला इस्माईलभाईंच्या पोटाबद्दल काहीच माहीत नव्हतं. त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, मी कधी विचारलं नव्हतं. पण मला जे माहीत होतं ते मी बोललो, "डॉक्टर, इन को दुबई से अल ऐन तक के सारे टॉयलेट ज़बानी याद हैं."

बाईंचे हात थांबले. त्या हसल्या नाहीत. इतक्या वर्षांत या गोष्टीवर न हसलेलं पहिलं माणूस मी बघत होतो. खुर्ची त्यांच्याकडे वळवून त्यांनी हळू आवाजात विचारलं, "कब से, भाईसाब?"

इस्माईलभाईंनी गॉगल हातात फिरवला. "वो दूसरे डॉक्टर का केस है, मॅडम. फाइल अलग है."

"नाम क्या बताया था उन्होंने?"

"अल्सरेटिव्ह कोलायटिस," ते म्हणाले. एरवी 'सर्टिफिकेट' या शब्दाची चार तुकड्यांत वाट लावणारा माणूस हे नाव एका दमात, स्वच्छ बोलला. मग बाकीचं बाहेर आलं. मोठ्या आतड्याला सूज. अधूनमधून उफाळते, रक्त पडतं, आणि तेव्हा निकड अशी की सिग्नल हिरवा होईपर्यंत थांबवत नाही. मधे बरं वाटलं की ते गोळ्या सोडत. गावाहून नवे आले तेव्हा पहिल्याच दिवशी, विमानतळावर, विचारायची लाज वाटली म्हणून काय झालं, तेही त्यांनी सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही. घेऊन जायला कोणी आलेलं नव्हतं, एवढंच.

बाईंनी समजावलं. ही धूळ नव्हे, डोळ्याच्या आतली सूज आहे. ज्यांना हा आतड्याचा आजार असतो त्यांतल्या काहींच्या डोळ्यांतही ती उतरते. सगळ्यांच्या नाही, आणि कधीकधी पोट शांत असतानाही. बाहुलीची कड आतल्या भिंगाला चिकटायला लागली आहे. आणखी उशीर केला असता तर नजर कायमची जाऊ शकली असती. किती परत येईल, ते आता बघू.

इस्माईलभाई विचारात पडले. "मतलब, मॅडम, दोनों का हेड ऑफिस एक है?"

"एक ही है."

"हमको किसी ने बोला नहीं."

"आपने किसी को बोला?"

त्यांनी पाकिटातून दुसऱ्या डॉक्टरांचं कार्ड काढून पुढे केलं. बाईंनी त्यांच्यासमोरच पोटाच्या डॉक्टरांना फोन लावला. आयुष्यभराच्या अनुभवात दोन खिडक्या एकमेकींशी आपणहून बोलताना त्यांनी पाहिल्या नव्हत्या. बाहेर आल्यावर बाकावर बसून म्हणाले, "देवधर, फाइल अडकली नाही रे."

थेंब सुरू झाले, दर तासाला. बाहुली मोठी करणारे वेगळे. पोटाच्या गोळ्या बदलल्या. मालकांना त्यांनी स्वतःच सांगितलं. मालकांनी स्वप्नांच्या उंचीवर काही न बोलता खिडक्यांच्या कामाला एक मदतनीस दिला. गॉगल मात्र राहिला. आणि तो गॉगल व्हिडिओ कॉलवर रुकय्याभाभींनी पाहिला.

भाभी म्हणजे त्यांची बायको. या आजारातलं एक अक्षर त्यांना ठाऊक नव्हतं, असं इस्माईलभाईंचं ठाम मत होतं. गॉगल कशाला, असं त्यांनी विचारलं तेव्हा हे म्हणाले, फॅशन. भाभी म्हणाल्या, "माजा व्हिसा काडा." उन्हाळा आहे, म्हणून सांगून झालं. जागा लहान आहे, म्हणून सांगून झालं. शेवटी ज्यांनी साऱ्या गावाचे व्हिसा काढले त्यांनी बायकोचा पहिल्यांदा काढला.

विमान येण्याच्या दिवशी ते माझ्याकडे आले. गॉगल, इस्त्रीचा शर्ट, अत्तर. दारातच उभे राहिले.

"चल माझ्याबरोबर."

"भाभींना आणायला मी कशाला?"

"लांबचं अजून धुरकट आहे." त्यांनी आवाज खाली आणला. "तिथं सगळ्या बाया काळ्या बुरख्यात येतील. मी भलत्याच कोणाला तरी हात केला तर? इजिप्तवाला चालला. पण ती बघेल ना. बायकोलाच ओळखलं नाही असं वाटेल तिला. तू फक्त सांग, कोण ती."

मी भाभींचा पासपोर्टचा फोटोच काय तो पाहिला होता. तो कोणाशीच मिळत नाही हे मला त्यांनीच शिकवलं होतं. तरी गेलो.

दारं उघडत होती, माणसं येत होती. खरोखरच काळे बुरखे पुष्कळ होते. एकेक आला की इस्माईलभाईंचा हात अर्धा वर जाई आणि ते माझ्याकडे बघत. मी मान हलवून नाही म्हणे. खरं तर मलाही कळत नव्हतं. शेवटी त्यांनी हात खिशात घातला. तो हात खिशात मी प्रथमच पाहत होतो.

मग एक ठेंगणी बाई ट्रॉली ढकलत गर्दीतून सरळ आमच्या रोखानं आली. डावीउजवीकडे पाहिलंच नाही. समोर येऊन थांबली आणि म्हणाली, "चष्मा काडा."

त्यांनी गॉगल काढला. भाभींनी तो डोळा निरखून पाहिला, बाजारात मासळीचा पाहतात तसा, गंभीरपणे. मग विचारलं, "घर कितवर हाय?"

"अर्धा तास. ट्रॅफिक असला तर जास्ती."

"मग आधी जाऊन या. मी हतंच उबी हाय. बॅगा बगते."

इस्माईलभाईंनी गॉगल परत चढवला. मग मुकाट्यानं खांबाकडे निघाले.

मी ट्रॉली वाटेतून बाजूला घेतली. म्हणालो, "भाभी, तुम्हाला कोणी सांगितलं?"

"गावचा जो जो हकडं आला, त्याचा पयला फोन हाच. इस्माईलचाचा भेटला, आन आधी संडास दाखवला." त्या ट्रॉलीवरची पिशवी सरळ करत होत्या. "लोक हसतात. ज्याचा जीव अडकला नाय त्याला हा सवाल सुचंल काय? मी वाट बगत व्हते, सांगतील कवा तरी."

इस्माईलभाई खांबामागून बाहेर आले. मधे एका मोठ्या ग्रुपचा लोंढा होता. ते थांबले आणि डोळे बारीक करून आम्हाला शोधू लागले. त्यांची नजर आमच्यावरून गेली, पुढे गेली. मी हाक मारणार होतो.

त्याआधीच भाभींनी उजवा हात सरळ वर केला. ते येऊन पोचेस्तोवर तो खाली आला नाही.