हजर चार, बाहेर एक

रोज संध्याकाळी सहा वाजता आमच्या शेजारच्या घरात माणसं मोजली जातात. आधी किल्ल्यांचा खळखळाट, मग दारांच्या कड्या ओढून बघितल्याचा आवाज आणि शेवटी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी आरोळी : "हजर तीन, बाहेर एक! गिनती बरोबर!"

त्या घरात माणसं दोनच. खाडेकाका आणि काकू. तिसरा हजर म्हणजे त्यांचा पोपट, जमादार. बाहेरचा एक कोण, हे मी दहा वर्षांत कधी विचारलं नाही. काकांना एक प्रश्न विचारला की उत्तराबरोबर चहा येतो, चहाबरोबर तुरुंगातली एक हकीकत येते आणि त्या हकीकतीच्या शेपटाला दुसरी. मला घरी शाळेच्या वह्या तपासायच्या असतात.

काका चौतीस वर्षं तुरुंगात होते. म्हणजे नोकरीला, हवालदार म्हणून. हा खुलासा मला आमच्याकडच्या प्रत्येक पाहुण्याला करावा लागतो, कारण काका स्वतःची ओळख "चौतीस वर्सं आत हुतो, पावणं" अशीच करून देतात. रिटायर झाल्यावर लोक गावाकडे जातात, माळ्याचं काम करतात, भजनी मंडळात बसतात. काकांनी कळंब्यातच घर बांधलं, तेही असं की गच्चीवरून तुरुंगाची भिंत दिसावी. "नजर पडत ऱ्हायली म्हंजे बरं असतंय," म्हणतात.

कमरेला लोखंडी कडं आणि त्यात वीस-बावीस किल्ल्या. काकूंच्या मते त्यातल्या चारच काही उघडतात.

"अवं, बाकीच्यांना कुलपंच न्हाईत!"

"असू द्या की. किल्ली हाय तर कुलूप कवातरी घावतंय."

जमादार हा राखाडी अंगाचा, लाल शेपटीचा आफ्रिकन पोपट. आपला हिरवा राघू पाळायला कायद्यानं मनाई, म्हणून काकांनी रीतसर कागदपत्रं असलेला परदेशी आणला. "कायदा मोडला तर मला वळखीच्या लोकांतच जाऊन बसाय लागंल." जमादार शब्द एक बोलत नाही, पण आवाज काढण्यात पटाईत. काकूंचा मिक्सर, काकूंचा खोकला आणि मुख्य म्हणजे काकांच्या किल्ल्या. काका तळ्यावर फिरायला गेलेले असतात, इकडे जमादार खळखळतो आणि काकू बिचाऱ्या चहा टाकून बसतात.

इथपर्यंत मी सहन केलं होतं. मग दुसरा पोपट आला.

हाही आफ्रिकनच. राजारामपुरीतल्या एका कापड दुकानदाराचा. त्याच्या आधी दोन घरं फिरून झालेला. छातीवरची पिसं त्यानं स्वतःच उपटून काढली होती आणि पिंजऱ्याच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून तो बसून असायचा. कोणी जवळ गेलं की पिंजऱ्याच्या गजांवर धडका. दुकानदारानं सांगितलं होतं, दोन महिने ठेवून बघा, नाही रुळला तर बेळगावचा एक पक्षी विकणारा घेऊन जायला तयार आहे.

"म्हंजे त्या जिवानं आनी किती घरं बघायची?" काकू म्हणाल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव गुंडू ठेवलं. काकांना ते अजिबात पसंत पडलं नाही. वागणूक बघितल्याशिवाय नाव कसलं? तुरुंगात कैद्याला बंदी म्हणतात, म्हणून हा बंदी नंबर दोन, आणि रुळेपर्यंत गिनतीतही नाही.

जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, नवा पक्षी आधी महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवा, मग दोन्ही पिंजरे लांबून एकमेकांना दाखवा, मग रोज थोडं थोडं अंतर कमी करा. काकांचा चेहरा असा उजळला की विचारू नका.

"म्हंजे आमचंच की ओ डॉक्टर! नवीन माणूस आला की येगळी बराक, मग तपासणी, मग मुलाखत!"

महिन्यानंतर मुलाखत सुरू झाली. रोज साडेपाच ते पाच पन्नास, पॅसेजमध्ये, दोन पिंजऱ्यांत दहा फूट अंतर, मध्ये खडूची रेघ. आणि साक्षीदार म्हणून मी. "शिकलेलं माणूस लागतंय, मॅडम." मी कामं सांगितली, सासूबाईंचं दुखणं सांगितलं, शेवटी डोकं दुखतं म्हणाले. काकांनी गोळी आणून दिली आणि खुर्ची सरकवली.

वर एक रजिस्टर. त्यात काका स्वतः लिहायचे आणि खाली माझी सही. 'बंदी नं. २ यास मुलाखतीस हजर केले. बंदीने भिंतीकडे तोंड केले. वेळ संपल्याने परत नेले.' दुसऱ्या दिवशी 'बंदीने भिंतीकडे तोंड केले.' तिसऱ्या दिवशी तेच. पंधरा दिवस मी त्याच एका वाक्याखाली सही करत होते. माझ्या वर्गातल्या पोरांनी एवढ्यात निबंध लिहिला असता.

रेघ एक इंचही सरकली नाही. हिरवी मिरची देऊन झाली, ती जमादारानं खाल्ली. आरसा ठेवून झाला, त्यात काकांनी मिशा बघितल्या. गंमत म्हणजे काका नसताना गुंडू काकूंच्या हातून पेरूची फोड घ्यायचा. काकांची चाहूल लागली की सगळं संपलं.

"मी काय केलंय त्याला?" काका मला विचारायचे. "बोट लावलं न्हाय. आवाज चढवला न्हाय. आनी दोन आठवड्यानी त्यो बेळगाववाला यील."

त्या दिवशी मुलाखतीला बसलो होतो. काका दारातून आत आले आणि गुंडू फडफडायला लागला. तो जरा थांबतोय तोवर जमादारानं आपल्या गळ्यातून किल्ल्या खळखळवल्या. हुबेहूब. गुंडूनं स्वतःला असं काही आपटून घेतलं की पंखातून रक्त आलं.

माझा तोल सुटला. "काका, तो तुम्हाला घाबरत नाही हो! तुमच्या कमरेला घाबरतो! त्या किल्ल्या काढा आधी!"

काका ताठ झाले. "किल्ल्या? मॅडम, किल्ल्यांचा आवाज म्हंजे इशारत असती. माणसाला आधी कळतंय, कोन तरी यायलंय. मुकाट्यानं मागं येऊन हुबा ऱ्हानारा माणूस वाईट. चौतीस वर्सं मी कुनाला दचकवला न्हाय."

आणि रजिस्टर मिटून आत निघून गेले. चला, निदान माझ्या संध्याकाळी तरी सुटल्या, असं मी मनात म्हटलं. खरं सांगायचं तर मला वाईट वाटत होतं, पण ते मी त्यांना कळू देणार नव्हते.

तीन दिवसांनी सकाळी मी पीठ चाळत होते. मागे वळले तर स्वयंपाकघराच्या दारात काका उभे. पाऊल वाजलं नाही, काही नाही. हातातली चाळणी खाली पडली. त्यांच्या हातात टॉवेलची गुंडाळी होती. ती त्यांनी ओट्यावर इतकी हळू ठेवली की आतल्या किल्ल्या एकमेकींना लागल्याही नाहीत.

"ठेवा तुमच्याकडं. आमच्यात ऱ्हायल्या तर हात जातोय."

मग बसले. चहा नको म्हणाले. तुरुंगातली हकीकतही सांगितली नाही.

"आमचा संदीप," ते म्हणाले. संदीप त्यांचा मुलगा, पुण्याला असतो. "ल्हान असताना मी ड्यूटीवनं आलो की पलंगाखाली जायचा. किल्ल्यांचा आवाज गल्लीच्या तोंडाला आला की पोरगं गप. मी चारचौघांत सांगायचो, बघा, आमच्या घरात शिस्त कशी हाय." त्यांनी टॉवेलची गुंडाळी आणखी घट्ट केली. "परवा त्या पाखराचं डोळं बघितलं, मॅडम. त्येच डोळं."

मी म्हटलं, "आता मोठा झालाय की संदीप."

"मोठा झालाय. पलंगाखाली मावत न्हाय, म्हनून पुण्यात जाऊन ऱ्हायलाय."

दहा वर्षं रोज सहा वाजता हा माणूस ओरडून सांगत होता आणि बाहेरचा एक कोण, हे विचारायला मला वेळ नव्हता.

त्यानंतर काका घरात फिरायचे ते खाकरत. काकू म्हणायच्या, "ह्यांच्या पायाचा आवाजच न्हाय, मी दिसातनं चारदा दचकतोय." जमादार मात्र जुन्या सवयीनं खळखळायचा. त्याला काका हळू आवाजात समजावायचे, "जमादार, ड्यूटी संपली." ऐकायलाच न मिळाल्यामुळे की काय, तोही तो आवाज विसरत चालला. रजिस्टरमध्ये एक दिवस नवं वाक्य उमटलं : 'बंदीने अर्धे तोंड इकडे केले.' मी आपणहून सही केली. काकांनी दुकानदाराला फोन करून आणखी पंधरा दिवस मागून घेतले. रेघ पुसली गेली, पिंजरे सरकत सरकत हातभर अंतरावर आले आणि जमादार आपली अर्धी खाल्लेली मिरची गजांतून पलीकडे सरकवायला लागला.

आणि काल गुंडूनं काकांच्या तळहातावरचा शेंगदाणा घेतला. घेतला आणि गेला नाही, तिथेच चोच लावून बसला. काका हात पुढे करून पुतळ्यासारखे उभे. सहा वाजले, सव्वासहा झाले. गिनती झाली नाही, असं पहिल्यांदाच घडत होतं. मग अगदी कुजबुजत ते म्हणाले, "हजर चार." आणि थांबून, "बाहेर एक."

"मॅडम, एक फोटू काढा. हात आनी गुंडू, दोगं यायला पायजेत. आनी संदीपला लावून द्या."

त्यांनी त्याला गुंडू म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. फोटो काढला. "खाली काय लिहू, काका?"

हात न हलवता त्यांनी मान तेवढी माझ्याकडे वळवली.

"लिवा," ते म्हणाले, "किल्ल्या काढून ठेवल्यात म्हनावं."

मी तेवढंच लिहिलं.