विनाकारण बघत उभे राहू नये

माणसाला डोळे दिलेत ते फोन हातात येईपर्यंत काम भागावं म्हणून, ही गोष्ट आता सगळ्या शहाण्या माणसांनी मान्य केलेली आहे. डोळ्यांनी बघितलेलं दुसऱ्याला पाठवता येत नाही, त्यावर कुणी बदाम टाकत नाही, आणि आपण ते खरंच बघितलं याला पुरावा काय, तर आपला शब्द. हल्ली शब्दावर कोण विश्वास ठेवतो? माझी सून तर मी औषध घेतलं म्हटलं तरी रिकामं पाकीट बघायला मागते.

ही गोष्ट सगळ्यात आधी कुणाच्या लक्षात आली असेल तर आमच्या शहरातल्या संग्रहालयाच्या. मी काही उगाच कौतुक करणारी बाई नाही, पण या संस्थेचं करावं तेवढं थोडं. पूर्वी म्हणे तिथे लोक यायचे, एकेका मडक्यासमोर ताटकळायचे, मान वाकडी करायचे, आपापसांत वाद घालायचे. नुसता गोंधळ. मग संग्रहालयानं शिस्त आणली. आता प्राचीन संस्कृतींच्या दालनात शिरलं की समोरच पितळी पाटी आहे: 'कृपया फोटो काढून पुढे सरकावे. विनाकारण बघत उभे राहू नये.'

पाटीशेजारी वार्षिक अहवाल चौकटीत लावलाय. गेल्या वर्षी या एका दालनात साडेनऊ लाख फोटो निघाले. पैकी सहा लाख लोकांचे स्वतःचे, दोन लाख पुढच्या माणसाच्या कोपराचे, एक लाख काचेत पडलेल्या दिव्याचे, आणि उरलेल्या पन्नास हजारांत प्राचीन वस्तू अंशतः दिसतात. (अंशतः हा शब्द अहवालातलाच. मी इतकं सांभाळून बोलत नाही.) त्यातले किती फोटो नंतर कुणी उघडून बघितले याचीही नोंद आहे: अकरा. त्यातले नऊ खिशात चुकून दाबले गेल्यामुळे उघडले.

एवढं सगळं सुरळीत चाललेलं असताना मध्ये कडमडली ती आमची आक्का.

आक्का माझी थोरली बहीण. तिचं आणि माझं भांडण शाळेपासूनचं. आम्हा दोघींत इतिहासाचं पुस्तक एकच होतं आणि त्यात एका पानावर मातीच्या प्राण्याचं चित्र होतं. चार हजार वर्षांपूर्वी कुणीतरी मुठीएवढा करून भाजलेला. छपाई अशी, की जणू त्या प्राण्यावर शाई सांडून वर कुणी बसलंय. आक्का म्हणाली, कुत्रा. मी म्हटलं, डुक्कर. पुस्तकात खाली लिहिलं होतं, 'एक प्राणी'. पुस्तक लिहिणाऱ्यानं हात झटकले आणि आम्हा दोघींचं आयुष्य मार्गी लावलं.

मी काही वाढवून सांगत नाही, पण त्यावरून आम्ही एकदा अख्खा उन्हाळा एकमेकींशी भिंतीमार्फत बोललो. माझ्या लग्नात तिनं माझ्या नवऱ्याच्या कानात सांगितलं, "हिला कुत्रा आणि डुक्कर यांतला फरक कळत नाही, सांभाळून घ्या." त्यांनी शेवटपर्यंत सांभाळून घेतलं. रस्त्यात कुत्रा दिसला की ते मला हळूच सांगायचे, "हा कुत्रा."

आता आक्काच्या डाव्या डोळ्याचं आटोपलंय आणि उजवा निघायच्या तयारीत आहे. मधोमध काळा डाग, कडेकडेनं काय दिसेल तेवढं. एखादी वस्तू बघायची तर मान इकडून तिकडून वाकवत, तुकड्या-तुकड्यानं बघावी लागते. डॉक्टर म्हणाले, "काय बघायचं राहिलं असेल ते आता बघून घ्या. हा उजेड फार दिवसांचा नाही." तिच्या मुलांना वाटलं, आई समुद्र म्हणेल, बर्फ म्हणेल, नातवंडांना एका ओळीत उभं करा म्हणेल. आक्का म्हणाली, "नातवंडं बघून झालीत. तो कुत्रा बघायचाय. आणि ही चिंगी शेजारी हवी." चिंगी म्हणजे मी. या वयात मला या नावानं हाक मारणारी तीच एक उरलीय.

तर माझी सून आम्हा दोघींना घेऊन संग्रहालयात गेली. दारातच तिनं आपला फोन माझ्या हातात दिला. "आई, हे पांढरं गोल दाबायचं. मी भेटवस्तूंच्या दुकानात आहे." (संग्रहालयातली ही एकच जागा अशी, की जिथे वस्तूकडे बघितल्याशिवाय लोक पुढे जात नाहीत. तिथे किमती लावलेल्या असतात.)

आत दगडी राजाचं एक मोठं मुंडकं आहे, नाक गेलेलं. त्याच्यासमोर एक कुटुंब उभं होतं. बाप म्हणत होता, "हसा! मागे काय आहे ते घरी बघू." फोटो निघाला. आई बघून म्हणाली, "शी, माझ्या दोन हनुवट्या आल्यात. परत काढा." परत काढला. मग धाकट्यानं जीभ काढली होती. परत. मग बापाचं पोट. परत. मागे दाराबाहेरपर्यंत रांग, पण कुणी हूं की चूं केलं नाही. माणसाचा फोटो बिघडला तर तो पुन्हा काढायचा हक्क त्याला आहे, हे सगळ्यांना मान्य होतं. मला तर भरून आलं. इतका समजूतदारपणा मी रेशनच्या रांगेत कधी बघितला नाही.

शेवटी आमची पाळी आली. काचपेटी. आत तो. खाली चिठ्ठी: 'प्राणी (बहुधा)'. म्हणजे इतक्या वर्षांच्या संशोधनानं पुस्तकाच्याही एक पाऊल मागे जाऊन दाखवलं होतं.

आक्कानं कुठे मान डावीकडे वाकवली, तोच शिट्टी वाजली. दालनाचे रखवालदार. मी त्यांना मनातल्या मनात शिट्टीवाले म्हणायला लागले.

"आजी, फोटो काढा आणि पुढे चला."

"फोटो नकोय," आक्का म्हणाली. "बघायचंय."

"बघायचंय ना? मग फोटो काढा, घरी जाऊन निवांत बघा."

"अहो, फोनमध्ये मला नुसता उजेड दिसतो. मला हे असं, इथेच बघायला लागेल. जरा वेळ लागेल."

"वेळ?" शिट्टीवाल्यांचा चेहरा उतरला. माणूस वाईट नव्हता. "आजी, हे सगळे लोक फोटो काढायला आलेत. तुम्ही एकट्या बघत उभ्या राहिलात तर बरं दिसतं का ते?"

मागून कुणीतरी म्हणालं, "नुसतं बघायचं होतं तर घरी बसायचं!" त्यात तथ्य होतं. आम्ही बाजूला झालो.

अधीक्षकबाई आल्या. फार गोड बाई. म्हणाल्या, "असं कसं? बघणाऱ्यांसाठी आपल्याकडे स्वतंत्र सोय आहे," आणि आम्हाला एका अंधाऱ्या खोलीत नेलं. तिथे भिंतीएवढ्या पडद्यावर लोकांनी काढलेले निवडक फोटो फिरत होते. आमच्या प्राण्याच्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालेलं. त्यात एक तरुण दोन बोटं वर करून हसत होता.

आक्का पडद्याला नाक लावून म्हणाली, "हा बघ कान! कुत्र्याचाच आहे."

"आक्का, ते त्या माणसाचं कोपर आहे."

"मग कान कुठाय?"

"कोपराच्या मागे."

आक्कानं पडद्यावरून नाक काढलं. मग हळूच म्हणाली, "चिंगे, राहू दे. घरी जाऊ. डुक्कर तर डुक्कर."

आता बघा, अख्खा जन्म मी हे एक वाक्य ऐकायला कान देऊन बसले होते. आणि ऐकल्यावर मला असा राग आला म्हणता! अशी फुकट मिळालेली जीत मी घेईन होय? मी तिचं मनगट धरलं आणि परत रांगेत जाऊन उभी राहिले. रांगेत उभं राहिलं की माणसाचं डोकं चालतं, कारण दुसरं काही चालत नसतं.

पाळी आल्यावर मी आक्काला काचेकडे तोंड करून उभं केलं, स्वतः मागे सरले आणि फोन वर धरला.

शिट्टीवाले जवळ आले. "परत तुम्ही? बघताय का?"

"छे हो. फोटो काढतेय हिचा."

"पाठमोरा?"

"हल्ली पाठमोरेच काढतात. तुम्हाला माहीत नाही?"

आपल्याला माहीत नाही असं कोण म्हणेल? ते दोन पावलं मागे झाले, आणि वर रांगेलाही हातानं थोपवलं. मी पांढरं गोल दाबलं.

"नीट नाही आला. परत," मी म्हटलं.

आक्काला कळायला वेळ लागत नाही. तिनं मान डावीकडे वाकवली.

"हलली ही. परत."

उजवीकडे वाकवली. मग वाकून खालून बघितलं. मग चवड्यांवर उभी राहिली.

"डोळे मिटले हिनं. परत."

"आजी," शिट्टीवाले म्हणाले, "पाठमोऱ्या फोटोत डोळे दिसतात?"

"दिसत नाहीयेत, म्हणून तर परत काढतेय."

त्यांनी मान डोलवली. रांगेतून सल्ले यायला लागले. "फोन आडवा धरा आजी." "थोडं डावीकडून घ्या." "हात काचेवर ठेवायला सांगा त्यांना, छान येईल." आक्काचा श्वास लागून काच धुकटली, तर रांगेतल्या पहिल्या बाईनं स्वतःचा रुमाल काढून ती पुसून दिली, फोटो बिघडू नये म्हणून. बघण्यासाठी ज्या रांगेनं आम्हाला पाऊलभरही जागा दिली नव्हती, ती फोटोसाठी हात जोडून उभी होती. आणि आक्का त्या काळ्या डागाच्या कडेनं चार हजार वर्षांपूर्वीचा तो प्राणी तुकड्या-तुकड्यानं गोळा करत होती. मी फक्त "परत" म्हणत होते आणि दाबत होते.

मग ती हसली. शाळेत मास्तरांची पाठ वळल्यावर हसायची तशी. सरळ उभी राहिली, पाठीला हात लावला आणि म्हणाली, "झालं."

"काय आहे मग?" मी धावत गेले.

"म्हणजे? तू इथेच होतीस की इतका वेळ."

मी होते खरी. पण मी पांढऱ्या गोलाकडे बघत होते. ते बोटाखालून फार सरकतं, नजर काढता येत नाही. मी काचेकडे वळले, तेवढ्यात शिट्टी.

"आजी, तुमचा फोटो झाला. पुढे चला."

"आता माझा काढायचाय!"

"कोण काढणार?"

आक्काला फोनमध्ये नुसता उजेड दिसतो, हे मघाशी तिनंच त्यांना सांगितलेलं. नियम तो नियम. मला पुढे सरकवलं.

घरी सुनेनं फोन उघडला. आक्काचे चाळीसेक फोटो, सगळ्यांत बरोबर मधोमध तिचा अंबाडा, आणि त्या अंबाड्यामागे प्राचीन संस्कृती. एका फोटोत आक्काच्या मानेजवळ काहीतरी तपकिरी होतं. सुनेनं ते मोठं केलं. फोनला हल्ली वस्तू ओळखता येतात, त्यानं आपण होऊन नाव सांगितलं: बटाटा.

"आक्का, सांग ना गं," मी म्हटलं.

"स्वतः बघायचं होतंस," ती म्हणाली आणि डोळे मिटून पडली. पुढे महिन्याभरात तो उजवाही गेला. तेव्हापासून ती रोज संध्याकाळी मला बोलावते आणि काय बघितलं ते सांगते. एके दिवशी कुत्रा असतो, शेपूट वळलेली, पोटावर करणाऱ्याच्या अंगठ्याचा ठसा. दुसऱ्या दिवशी डुक्कर असतं, अगदी तुझ्यासारखं, म्हणते. परवा तर त्याला पंख होते. मी सगळं ऐकून घेते. घरात बघितलेली ती एकटीच आहे, तिला खोटं कशावरून ठरवणार?

मी परत गेले होते. तुम्हाला वाटलं असेल, म्हातारी गप्प बसली. पण त्या दिवशी रांगेतल्या कुणीतरी आक्काचा पाठमोरा फोटो काढून सगळीकडे पाठवलेला. काचेला हात लावून बघत असलेली बाई. लोकांना अशी काही भुरळ पडली, की संग्रहालयानं त्या जागी जमिनीवर दोन पिवळी पावलं रंगवून घेतली आणि पाटी लावली: 'बघण्याची पोझ येथे द्यावी.' लोक लांबून येतात, पावलांवर पाय ठेवतात, मान वाकवतात. बरेचसे डोळे मिटून घेतात, म्हणजे चेहऱ्यावर भाव येतो. फक्त त्या प्राण्यामुळे काचेत चमक पडून फोटो बिघडतात अशा तक्रारी आल्या, म्हणून तो तिथून काढून गोदामात ठेवलाय. अधीक्षकबाईंनी सांगितलं, तेव्हापासून एकही तक्रार नाही. पेटी रिकामी का, हे विचारायला आलेली मीच पहिली.

आता आक्काला विचारून उपयोग नाही, पेटीला विचारून उपयोग नाही. राहिलात तुम्ही. नाही कसं म्हणता? तो तिथे होता तेव्हा तुम्ही जाऊन आलात. फोटो तुम्हीच मला दाखवलात, काचेला टेकून, पोट आत घेऊन काढलेला. मग सांगा ना आता. कुत्रा होता, की डुक्कर?

अंहं. फोन खिशात राहू दे. असंच सांगा.

घाई नाही हो. तुमच्या मागे रांग नाही.